येळवशीच्या दिवशी लातूर दाखवायला निघालो

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. जिल्हा तीन वर्षांचा झाला तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो. हा हिशेब बरोबर आहे. त्या तीन वर्षांत मी बाकीचे जे हिशेब केले त्यांची एवढी खात्री देता येणार नाही, आणि हे लिहितोय ते त्यातल्याच एकाबद्दल.

मी नांदेडचा, महसूल खात्यातला कारकून. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत माणसं कमी पडत होती म्हणून आम्हा काही जणांना इकडे पाठवलं. कचेरीतल्या कपाटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं. त्यावर कागद चिकटवून आम्ही नवं नाव लिहिलं. उन्हाळ्यात डिंक सुटला की कपाट पुन्हा जुन्या जिल्ह्यात जायचं. माझ्याकडे टंचाईचं टेबल होतं. पावसानं लागोपाठ दगा दिला होता, त्यामुळे कुठल्या गावाची विहीर आटली, कुठं टँकर लावला, त्याच्या खेपा किती झाल्या, हे तक्ते रोज माझ्या हाताखालून जायचे. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, तिथं पाणी किती वाजता पोचतं ते मी सांगितलं असतं. माझ्या स्वतःच्या घरी पाणी कुठून येतं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी गेलो की माठ भरलेला असायचा, एवढंच माहीत होतं.

तर त्या तिसऱ्या वर्षी सरकारनं आमच्याकडून विकल्प मागवला. ज्यांना मूळ जिल्ह्यात परत जायचं असेल त्यांनी तसं लिहून द्यावं, नाहीतर इथंच कायम व्हावं. एकदा लिहिलं की बदलता येणार नव्हतं. फॉर्म घेऊन घरी आलो आणि जेवायच्या आधी बायकोला वाचून दाखवला.

"लिहा नांदेड," ती म्हणाली. भाकरी थापत होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, इथं मी दोन वर्षांत अव्वल कारकून होतो. नांदेडच्या यादीत माझ्या पुढं सव्वीस जण आहेत."

"असू द्या. त्या सव्वीस जणांच्या बायकांना नदी हाय."

"नदी काय रोज लागते आपल्याला?"

"तुम्हाला न्हाई लागत. तुम्हाला लागतंय काय? कचेरी, घर, कचेरी. तीन वर्षं झाली. या गावात तुम्ही मला दाखवलंय काय, सांगा बरं. एक जागा सांगा."

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दवाखाना," मी म्हणालो.

"तो मी दाखवला तुम्हाला. तुमचं पोट बिघडलं तवा."

हे खरं होतं. मी वाद घातला नाही. फॉर्म द्यायला नऊ दिवस बाकी होते. मी म्हणालो, "असं कर. मला एक दिवस दे. त्या एका दिवसात मी तुला लातूर दाखवतो. काय खाण्यासारखं आहे, कुठं बसण्यासारखं आहे, सगळं. संध्याकाळी तू म्हणालीस नांदेड, तर मी नांदेड लिहीन. अव्वल कारकून गेला खड्ड्यात."

"शब्द?"

"शब्द."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी 'उत्सुकता' असा लावला.

अडचण अशी होती की लातूर मलाही माहीत नव्हतं. गंजगोलाई हे इथलं बाजाराचं ठिकाण, मधोमध गोल आणि त्याला सोळा रस्ते फुटलेले. तीन वर्षं मी त्यातल्या एका रस्त्यानं आत जाऊन त्याच रस्त्यानं बाहेर येत होतो. उरलेले पंधरा लोक सांगतात म्हणून मानत होतो. पण कुठलंही काम पद्धतीनं केलं की होतं अशी माझी समजूत होती. मी एक छोटी वही घेतली, आडव्या रेघा मारल्या आणि नियम ठरवले. जागा घरापासून दीड किलोमीटरच्या आत असावी. चव, स्वच्छता, बसायची सोय आणि गर्दी, प्रत्येकाला दहा गुण. आधी मी एकट्यानं पाहणी करायची आणि मग त्यातल्या उत्तम जागा तिला दाखवायच्या. तिला बरोबर घेऊनच पाहणी करावी हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाहणी अशी करतात का?

पहिल्या संध्याकाळी सगळे सोळा रस्ते चाललो. मोजणीत सतरा भरले. एक दोनदा मोजला गेला होता. पुन्हा चाललो. दुसऱ्या दिवशी एका भज्याच्या गाडीसमोर पाऊण तास उभा राहिलो, कारण मला कितवा घाणा चांगला निघतो ते ठरवायचं होतं. पहिला घाणा पाच वाजून दहा मिनिटांनी पडतो. तो जरा कच्चा निघतो, तेल अजून तापायचं असतं. दुसरा उत्तम. चौथ्यापासून तेल काळं पडायला लागतं. मी हे लिहून घेत होतो तेव्हा गाडीवाला झारा थांबवून म्हणाला, "काय सायब, फूड इन्स्पेक्टर हायसा का?"

"नाही. घरचं काम आहे."

"घरचं काम वहीत?" त्यानं मान हलवली आणि माझ्या कागदात एक भजं जास्तीचं टाकलं. मी ते परत केलं. गुणांवर परिणाम झाला असता.

"खावा हो, कुणाला सांगत न्हाई मी."

"तसं नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"भज्यात बी?" तो म्हणाला आणि माझं परत केलेलं भजं स्वतः खाल्लं.

एका खानावळीत सकाळचं सुशीला खाल्लं. सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून फोडणीला घालतात ते. आमच्या नांदेडलाही करतात आणि बायको याच्यापेक्षा चांगलं करते, म्हणून चवीला सहा. एका दुधाच्या दुकानात बासुंदी उत्तम होती, पण दुष्काळामुळे दूध कमी यायचं, अकराच्या आत गेलं तरच मिळायची. बाग पाहिली. कारंज्यात पाणी नव्हतं, हौदात कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. बाकं चार, त्यातल्या एकाला टेकायला पाठ. त्या बाकाची जागा मी नकाशा काढून नोंदवली. सिद्धेश्वराच्या देवळाच्या आवारात झाडं आहेत, संध्याकाळी वारा असतो. तिथं मी आठ गुण दिले आणि दहा मिनिटं जास्तीची बसलो. या पाहणीत तेवढीच दहा मिनिटं मी काही लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी पोट बिघडलं. भज्याच्या गाड्या मी चार तपासल्या होत्या आणि न्याय सारखा व्हावा म्हणून प्रत्येक गाडीवर दुसरा घाणा खाल्ला होता.

बायको म्हणाली, "तुमच्या सदऱ्याला रोज तळणाचा वास येऊन राहिलाय."

"सर्वेक्षण चालू आहे."

"मग घ्या, ताकभात खा. त्याला बी गुण द्या."

आता दिवस ठरवायचा राहिला. कचेरीच्या फळ्यावर परिपत्रक लागलं होतं. फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी वेळ अमावस्येची स्थानिक सुट्टी होती. मला ती सुट्टी म्हणजे देवानं दिली असं वाटलं. रजा टाकायला नको, पूर्ण दिवस मोकळा. वेळ अमावस्या हा या भागातला सण, इथले लोक येळवस म्हणतात. त्या दिवशी शेतात जाऊन पूजा करतात आणि जेवतात, एवढं मी ऐकून होतो. मागची दोन्ही वर्षं ही सुट्टी रविवारला जोडून आम्ही नांदेडला गेलो होतो, त्यामुळे बघितली कधीच नव्हती. आणि शेतकऱ्यांचा सण म्हटल्यावर गोलाईतल्या दुकानदारांचा त्याच्याशी काय संबंध, असा माझा सरळ हिशेब होता.

आमच्या शाखेत एक शिपाई होता, वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो दर वर्षी मला येळवशीचं आवतण द्यायचा आणि मी दर वर्षी नाही म्हणायचो. आज त्याच्या शेतात जेवलो तर उद्या त्याची रजा कशी नाकारणार, असा माझा मुद्दा होता. त्याची रजा मी तीन वर्षांत एकदाही नाकारली नव्हती, कारण त्यानं मागितलीच नव्हती. पण मुद्दा मुद्दा असतो. या वर्षी तो पुन्हा टेबलाशी आला.

"सायब, या वर्षी तरी या की शेतात."

"नाही जमणार. घरच्यांना घेऊन बाहेर जायचंय."

"नांदेडाला?"

"नाही नाही. इथंच. गावात फिरायला."

"गावात? येळवशीला?"

"हो. का?"

"न्हाई, काही न्हाई. बरं सायब," असं म्हणून तो फायली घेऊन गेला. नंतर बाहेर व्हरांड्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी त्याची सांगड याच्याशी घातली नाही.

अमावस्येच्या सकाळी साडेनऊला निघालो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात वेळापत्रक. बायकोनं मात्र जुनं सुती लुगडं नेसलं होतं, पायात चालायच्या चपला आणि काखेत पिशवी. मी म्हणालो, "चांगलं नेसायचं ना, आपण हॉटेलात जाणार आहोत."

"हेच बरं हाय," ती म्हणाली.

गल्लीच्या तोंडापर्यंत आलो तेव्हा मला बरं वाटलं, कारण रस्ता शांत होता. गर्दीचे दहा गुण, मी मनात म्हटलं. पुढच्या वळणावर त्याहून शांत. मोठ्या रस्त्यावर आलो तर रस्त्याच्या अगदी मधोमध तीन कुत्री आडवी होऊन झोपली होती आणि आम्ही त्यांना वळसा घालून गेलो, ती उठली नाहीत. सुशीलाच्या खानावळीला कुलूप. मी कुलूप हातात घेऊन बघितलं. का बघितलं ते माहीत नाही.

"उघडेल," मी म्हणालो. "आपण तोवर पुढचं घेऊ."

बासुंदीचं दुकान बंद. चहाची टपरी बंद. भाजीवाल्या बाया नाहीत, रिक्षा नाहीत, हमाल नाहीत. गोलाईत आलो तर सोळाही रस्ते या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामे दिसत होते. मोजायला इतका चांगला दिवस मला पुन्हा मिळाला नसता. आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता. शहाण्या माणसानं इथं माघार घेतली असती. पण माझ्याकडे वेळापत्रक होतं आणि शब्द दिलेला होता. मी तिला एकेक बंद जागा दाखवत गेलो.

"इथं भजी मिळतात."

"कुठं?"

"इथं. गाडी असते. दुसरा घाणा उत्तम."

ती रिकाम्या जागेकडे, तेलानं काळ्या झालेल्या फरशीकडे बघत म्हणाली, "लई छान झाली असतील."

बागेच्या फाटकाला साखळी होती. गजांतून मी तिला ते पाठीचं बाक बोट करून दाखवलं. "ते उजवीकडचं. टेकता येतं त्याला."

"दिसून राहिलं. मिरच्या बी दिसून राहिल्या."

एवढ्यात समोरून एक पोलीस सायकल हातात धरून आला. अख्ख्या गावात तो एकटाच ड्यूटीवर असावा आणि त्यालाही बोलायला माणूस हवं असावं. त्यानं आमच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठले तुम्ही?"

"इथलेच."

"इथले?" त्याला ते पटलं नाही. "मग गावात काय करून राहिलात? येळवशीला गावात चोर बी ऱ्हात न्हाई."

त्यानं समजावून सांगितलं. या दिवशी ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो. ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. दुकानदार, वकील, डॉक्टर, सगळे. ज्याला कुणीच आवतण दिलं नाही असा माणूस त्यानं अजून बघितला नव्हता. "आज दोन दिसले," तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

मी बायकोला म्हणालो, "तसं नाही. मला आवतण होतं."

"मला बी होतं," ती म्हणाली.

"म्हणजे? तुला माहीत होतं सगळं बंद असतं ते?"

"हाव."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का?"

मागून ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीवर टोपल्या आणि घोंगडीत गुंडाळलेली मडकी. त्यातली एक जाड चष्म्याची बाई उभी राहून ओरडली, "ए नांदेडवाले! झालं का तुझं गाव बघून?"

"झालं आक्का!" बायको ओरडली. "बागेतलं बाक तेवढं राहिलं."

सगळी ट्रॉली हसली. ट्रॅक्टर थांबला. मला कळेपर्यंत बायको चाकावर पाय देऊन वर चढलेली होती. तिनं पिशवी आक्काच्या हातात दिली. म्हणजे पिशवीत काहीतरी करून आणलेलं होतं. म्हणजे हे ठरलेलं होतं.

मी खालीच उभा. "अगं, पण आपण असं आयत्या वेळी..."

"चढा वो सायब," आक्का म्हणाली. "आमचे मालक शेतात वाट बघून राहिलेत. बैलागत कितीदा हाकायचं तुमाला?"

आक्काचे मालक म्हणजे आमच्या शाखेचा तो शिपाई. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या दारात तो राहत होता. त्याच्या शिल्लक रजेचा आकडा मला पाठ होता. त्याचं घर कुठं आहे ते मला त्या दिवशी ट्रॉलीत बसल्यावर कळलं. मला बायांनी मडक्यांच्या मधे बसवलं आणि एक मडकं माझ्या मांडीवर दिलं. "हालू देऊ नका, आंबिल हाय," असं सांगितलं. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ती पातळ आंबिल झाकणातून माझ्या इस्त्रीच्या शर्टावर सात किलोमीटर सांडत गेली.

औशाच्या रस्त्याला त्यांचं साडेतीन एकर रान. माझ्या तक्त्यात त्या गावाचा अनुक्रमांक काय होता ते मला लगेच आठवलं. पण तक्त्यात रान कसं दिसतं ते नसतं. या दिवसांत ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायला हवी होती. ती गुडघ्याएवढी होऊन तिथंच वाळली होती. मधे एक कडब्याची खोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले. कडबासुद्धा गेल्या साली ठेवलेला होता. शिपाई धोतर नेसून खोपीपुढं उभा होता. त्यानं मला बघितलं आणि गावात काय बघितलं ते विचारलं नाही. त्या चांगुलपणाबद्दल मी त्याचा अजून आभारी आहे.

पूजा झाली. तो आंबिलीचा तांब्या घेऊन रानाच्या कडेनं शिंपडत गेला, तोंडानं कानडी वळणाचं काहीतरी म्हणत. मी विचारलं, याचा अर्थ काय. "कुणाला ठावं," तो म्हणाला. "आज्जा म्हणायचा." मी असंही विचारलं की पीक नाही तर सण कसला. हे विचारायला नको होतं. तो शांतपणे म्हणाला, "पीक पिकलं तर येळवस, असं न्हाई सायब. येळवस हाय म्हणून येळवस."

जेवायला मातीत बसलो. मला मांडी घालून जमिनीवर नीट बसता येत नाही, खुर्चीची सवय. एका बाईनं माझ्या पाठीमागं पोतं लावून दिलं. पानावर भज्जी आली, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे नि पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या. या वर्षी दाणे रानातले नव्हते, बाजारातून आणलेले होते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि वाटीत आंबिल. मी गुण दिले नाहीत. वही काढायला हात मोकळा नव्हता, आक्का वाढतच होती. तीन वाट्या आंबिल झाल्यावर मी म्हणालो, "पुरे आता, दुष्काळात एवढं पाणी..."

"पाणी आमचं कुठं हाय?" शिपाई म्हणाला. "आमचा नंबर या वेळी टँकरला लागलाच न्हाई. आंबिलीचं पाणी तुमच्या वैनींनी दिलं. दोन हंडे. काल सांजच्याला चार तास लाईनीत हुत्या आमच्या हिच्यासंगं."

मी बायकोकडे बघितलं. ती दुसऱ्या पंगतीत बसली होती, दोन बायांच्या मधे, आणि कसल्या तरी गोष्टीवर इतकी हसत होती की तिनं पदर तोंडाला लावला होता. आदल्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माठ भरलेला होता. मी पाणी प्यालो होतो आणि ती कुठं आहे असं विचारलं नव्हतं. शेजारी गेली असेल असं धरून चाललो होतो. तीन वर्षं मी असंच काहीतरी धरून चाललो होतो. ट्रॉलीतल्या त्या सगळ्या बायांना ती नावानिशी ओळखत होती. कुणाची सून बाळंतपणाला आली, कुणाचा दीर कारखान्यावर गेला, कुणाच्या हातचा उंडा फुटत नाही, सगळं तिला ठाऊक होतं. लातूर तिला मी दाखवणार होतो.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बांधावरच्या बाभळीखाली बसलो. मी फॉर्म खिशात घेऊन आलो होतो. घडी घामानं ओली झाली होती.

मी म्हणालो, "तुला इथं एवढी माणसं आहेत. मग नांदेड कशासाठी म्हणतेस?"

ती म्हणाली, "तिथं असताना तुम्ही संध्याकाळी माझ्यासंगं घाटावर यायचात. आठवतंय का? भुईमुगाच्या शेंगा घ्यायचात अन् एक बी शब्द न बोलता निम्म्या खायचात. पण यायचात. इथं आल्यापासून तुम्ही घरी येतच न्हाई. नुसते पोचता."

माझ्याजवळ चार पानं मुद्दे होते, बढतीचे, ज्येष्ठता यादीचे, निवृत्तिवेतनाचे. त्यातला एकही याला लागू पडत नव्हता.

"गेले आठ दिवस तुम्ही गावभर हिंडलात," ती म्हणाली. "एकटेच. मी म्हटलं, आज म्हणतील चल, उद्या म्हणतील चल. तुम्ही एकटेच भजी खाऊन पोट बिघडवून आलात. लई राग आला मला. म्हणून मी बी सांगितलं न्हाई, येळवशीला गाव बंद असतंय ते."

"मग मी काय लिहू?"

"तुम्ही शब्द दिलाय, मी म्हणेन ते."

"हो."

"मला नदी पाहिजे, ते खोटं न्हाई. पण नदीवर जाऊन बी तुम्ही घाटाच्या पायऱ्याच मोजणार असाल तर नदी काय करायची?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "इथंच लिहा. पण मला गाव दाखवायला नेऊ नका. मी नेईन तिथं या."

"येईन."

"लिहून देऊ नका. या."

खरं सांगायचं तर मी तसं लिहूनच देणार होतो. हात खिशाकडं गेलाही होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फॉर्म भरला. विकल्प: लातूर. त्याखाली एक रकाना होता, 'विकल्पाचे कारण'. तो मी आधी नीट वाचलाच नव्हता. तिथं बढती लिहावी तर ते कारण उरलं नव्हतं. खरं कारण त्या दीड इंचात मावत नव्हतं. मी 'कौटुंबिक' लिहिलं आणि शिपायाकडं दिलं. त्यानं तो आत नेताना वाचला. मी त्याला हटकणार होतो, गोपनीय कागद आहे म्हणून, पण आदल्या दिवशी त्याच्या पोत्याला टेकून बसलो होतो, ते आठवलं.

संध्याकाळी घरी जाऊन मी स्वतः बातमी देणार होतो. गल्लीच्या तोंडाशीच दोन बायांनी माझं अभिनंदन केलं.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन निघाली. माझ्या सोळा रस्त्यांपैकी एकातल्या अशा बोळात गेलो की जिथं मी दोनदा मोजणीत जाऊनही वळलो नव्हतो. तिथं एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी धपाटे लावते, त्याला पाटी नाही, बसायला बाक नाही, उभं राहून खायचं. आम्ही गेलो तेव्हा म्हातारीकडे आक्का आलेली होती, आणखी दोघी होत्या. बायको म्हणाली, "तुम्ही इथं थांबा, मी जरा बोलून येते." मी धपाटा खाल्ला. दुसरा खाल्ला. त्या पाचही जणी बोलत राहिल्या. मी भिंतीला टेकलो, पाय बदलला, समोरच्या घराच्या कौलांकडे बघितलं आणि एकदाही चल म्हणालो नाही. चाळीस मिनिटं झाली. मोजली नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल.